आकस्मिकाचं पाकीट

आमचे घरमालक कोणत्याही भिंतीवर विश्वास ठेवत नसत. समोर भिंत आली की त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात जायचा, एक जुनं जाड नाणं बाहेर यायचं आणि ते भिंतीवर तीन ठिकाणी टकटक करून मान तिरपी करून ऐकायचे. मग "हं" म्हणायचे. चांगलं की वाईट, ते सांगायचे नाहीत. त्यांनी बँकेची भिंत ठोकलेली मी पाहिली आहे, दाताच्या डॉक्टरची पाहिली आहे. एकदा ओळखीतल्या एका मुलासाठी आम्ही मुलगी पाहायला गेलो होतो, तर पोहे यायच्या आत यांनी तिथल्या बैठकीच्या दोन भिंती तपासून घेतल्या होत्या. मुलीचा बाप माझ्या कानाशी येऊन विचारत होता, "हे घर घ्यायले आले काय जी?"

छत्तीसगढ राज्य नुकतंच झालं होतं आणि रायपूर राजधानी. मी अकोल्याहून आलो होतो, शहराबाहेरच्या उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये मालाच्या रवानगीचं काम बघायला. खोल्यांची भाडी रोज वाढत होती. ज्याच्याकडे गच्ची होती तो वर एक खोली काढत होता, ज्याच्याकडे खोली होती तो तिचे दोन भाग करत होता, आणि या सगळ्यात मिस्त्री मिळणं जावई मिळण्याहून अवघड झालं होतं. समता कॉलोनीतल्या या घराची वरची खोली मला कुणीतरी सुचवली.

घरमालक रेल्वेच्या बांधकाम खात्यात बडे बाबू म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना काकाजी म्हणू लागलो. त्यांनी मला समोर बसवून पहिला प्रश्न विचारला, "पगार किती?" मी सांगितला. दुसरा प्रश्न, "त्यातला आकस्मिक किती?"

मला कळलं नाही.

"अचानक काही आलं त् त्याच्यासाठी काय बाजूले काढून ठेवतोस?"

मी म्हटलं, काहीच नाही. त्यांनी मला एकदा खालीवर पाहिलं. मग म्हणाले, "भाडं शंभर रुपये कमी दे. ते शंभर पाकिटात टाकजो. दर महिन्याच्या एक तारखेले पाकीट मले दाखवायचं. नाही दाखवलं त् खोली खाली." भाडं कमी करून वर तपासणी करणारा घरमालक मला पुन्हा कधी भेटला नाही. वडिलांना एकदा तातडीने नागपूरला हलवावं लागलं तेव्हा ते पाकीट मी उघडलं, आणि काकाजींना सांगितल्यावर ते इतके खूश झाले की मला जरा रागच आला.

त्यांची नोकरीची सगळी वर्षं दुरुस्तीची एस्टिमेटं तपासण्यात गेली. एस्टिमेटाच्या शेवटी एक ओळ असते, आकस्मिक खर्च. साहेब लोक ती ओळ न वाचता सही करतात. काकाजी म्हणायचे, "विटा किती, सिमेंट किती, हे सारे अंदाज. पूर्‍या कागदात ही एकच ओळ खरी असते. कारण ती सांगते का आपल्याले माहीत नाही." ही ओळ त्यांनी ऑफिसातून घरी आणली आणि सगळीकडे लावली. बाजारात जाताना डाव्या खिशात भाजीचे पैसे, उजव्यात आकस्मिकाचे. प्रवासाला निघताना चपलेच्या अंगठ्यासाठी एक खिळा जवळ. रोज दोन पोळ्या जास्त लाटायच्या, त्या आकस्मिकाच्या. त्या दोन पोळ्या बहुतेक मी खायचो. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या शेवटी माझं नावच ते पडलं. जिन्याखाली उभे राहून ते हाक मारायचे, "ये रे आकस्मिक, पोळी थंडी होऊन राहिली."

लग्नाला गेले की नवरीच्या बापाला आधी विचारायचे, "आकस्मिक काढला काय?" लोकांना हे अशुभ वाटायचं. एका लग्नात बाप चिडून म्हणाला, तुम्ही पाहुणे, गुपचूप जेवा. तासाभराने जनरेटर बंद पडला, डिझेल संपलं होतं, आणि काकाजींनी स्कूटरच्या डिकीतून पाच लिटरचा डबा काढला. पण मला आठवतं ते दुसरंच. काकाजी लग्नाला पोचायचे तेव्हा मांडववाले अजून कापड बांधत असायचे. दरवेळी. खुर्च्या ट्रकमधून उतरत असायच्या आणि काकाजी कोसा रेशमाच्या सदऱ्यात मधोमध उभे राहून म्हणायचे, "लोकायले वेळेची किंमतच नाही." मग काकूंकडे वळून पुढचं वाक्य, "या घरात पुढचा विचार करणारा मी एकटाच."

काकू तेव्हा पदर सारखा करत दुसरीकडे पाहायच्या. बाई बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. चाळीसेक वर्षं त्यांनी हे वाक्य ऐकून घेतलं होतं.

काकूंचे गुडघे गेले होते. घर जुनं, न्हाणीघर आणि संडास मागच्या अंगणाच्या टोकाला, दोन पायऱ्या उतरून, आणि उकिडवं बसायचं भांडं. सकाळी काकू भिंतीला हात लावत लावत जायच्या आणि परत यायला त्यांना इतका वेळ लागायचा की खाली चहा निवायचा. त्या कण्हत नसत. मला वरून खिडकीतून त्यांचा हात भिंतीवरून सरकताना दिसायचा आणि मी खिडकीपासून बाजूला व्हायचो.

शेवटी नागपूरला ऑपरेशन ठरलं. मुलगी तिथेच राहते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता जन्मात उकिडवं बसायचं नाही. तेव्हा काकूंनी, ज्या कधी काही मागत नसत, एक अट घातली. "डॉक्टरनं गाडीत बसू दिलं की मी आपल्या घरी येईन. जावयाच्या घरी एक दिवस जास्त नाही राहणार. तवर घरात बसायची सोय झाली पाहिजे. अन् गरम पाणी." काकाजी म्हणाले, "तू येशील त्या दिवशी नळ फिरवजो. गरम पाणी नाही आलं त् माह्यं नाव बदलजो."

ऑपरेशनला काकाजी गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. मी विचारलं, इतक्या लवकर? "तुह्या काकूनं पाठवून देलं," ते नाराजीने म्हणाले. नंतर कळलं की त्यांनी दवाखान्याच्या वॉर्डाची भिंत ठोकली होती आणि शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांना ती पोकळ असल्याचं सांगितलं होतं.

झोपायच्या खोलीला लागून एक कोठी होती, तिथे नवं न्हाणीघर करायचं ठरलं. तिच्या फरशीखालून माझ्या वरच्या न्हाणीची जुनी सांडपाण्याची लाइन जात होती, तिलाच जोडायचं. काकाजींनी आडव्या रेघांच्या कागदावर एस्टिमेट केलं. कमोड, न घसरणाऱ्या टाइल्स, धरायला दोन दांडे, गीझर, नळ, मजुरी. खाली बेरीज. आणि बेरजेच्या खाली तिचा तिसरा हिस्सा, आकस्मिक. हा हिस्सा कशाकशात जाऊ शकतो त्याची वेगळी यादी होती. सडलेला पाइप, भिंतीतली ओल, जुनी वायर, शेजाऱ्यांचं मुरलेलं पाणी, टाइलचा डबा कमी पडणे आणि शेवटी, मिस्त्रीच्या घरी लग्न. पैसे एका खाकी पाकिटात घालून त्याला सेफ्टी पिन लावली आणि पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात गेलं.

मिस्त्रीचं नाव दुकालू. छत्तीसगढी माणूस, काळा, उंच, कामाला पक्का, आणि बोलायचा एवढा कमी की त्याचं एक "हव", म्हणजे हो, ऐकायला माणूस थांबून राही. त्याने पहिल्या दिवशी पलस्तर काढलं. आतल्या विटा कोरड्या ठणठणीत. दुसऱ्या दिवशी फरशी उचलून लाइनचं तोंड मोकळं केलं. चिनी मातीचा जुना पाइप, पण केसाएवढीही चीर नव्हती. वायर बदलायची गरज नव्हती. शेजाऱ्यांचं पाणी मुरलं नव्हतं. टाइलचा डबा कमी पडला नाही, उलट चार उरल्या. मी दुकालूला मुद्दाम विचारलं, घरात कुणाचं लग्न? तो म्हणाला, "सब निपट गे हे बाबू."

दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. काकाजींचं तोंड दिवसेंदिवस उतरत गेलं. संध्याकाळी मी उरल्याहून धुळीने माखून यायचो तर ते कोठीच्या दारात खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसलेले असायचे. "लपून बसला हाय," म्हणायचे. मी म्हणायचो, "काकाजी, नसेलच. एखाद्या घरात नसतो."

"असतोच. आपल्याले दिसून नाही राहिला."

काकूंचा फोन एक दिवसाआड यायचा. गुरुवारी शेवटची तपासणी, शुक्रवारी गाडीत बसणार, मुलगी सोबत येणार. काम त्याच्या आत सहज संपत होतं. फरशी बसली, भिंती बसल्या, गीझर लागला. राहिलं होतं फक्त कमोड बसवायचं, आणि ते अंगणात गवताच्या पेंढ्यात बांधलेलं उभं होतं.

ठरलेल्या शुक्रवारच्या आधीचा रविवार. मला सुट्टी. वरच्या न्हाणीत मी आठवड्याची धूळ काढत डोक्याला साबण लावून बसलो होतो. तेवढ्यात खालून टकटक ऐकू आली, मग काकाजींचा आवाज, "हे ऐक. भद्द वाजून राहिलं. इथं पोकळ हाय." मग दुकालूचा आवाज, आणि इतकी वाक्यं मी त्याच्या तोंडून एका वेळी कधी ऐकली नव्हती. "बाबूजी, खाले माटी हे. पाइप बने हे. झन फोड़व." पाइप चांगला आहे, फोडू नका, असं तो विनवत होता. मग छिन्नीवर हातोड्याचे घाव. तो ठोका मिस्त्रीचा नव्हता, हे मलाही कळलं. चौथ्या की पाचव्या घावाला वेगळाच आवाज झाला, मडकं फुटल्यासारखा. मी नेमकी त्याच वेळी बादली डोक्यावर ओतली होती.

"नळ बंद कर, आकस्मिक!"

मी टॉवेल गुंडाळून खाली धावलो. नव्याकोऱ्या फरशीचा एक कोपरा उखडला होता आणि त्यातून माझ्या साबणाचा फेस भसाभसा वर येत होता. त्या फेसात काकाजी घोट्यापर्यंत उभे, हातात हातोडा, आणि चेहरा असा खुललेला की मी तो तसा दहा दिवसांत पाहिला नव्हता.

"पाह्य," ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी? पाइप फुटका हाय."

दुकालूने फेसात हात घातला, एक खापर बाहेर काढलं, त्याची ताजी पांढरी कड काकाजींना दाखवली आणि शांतपणे म्हणाला, "अभी फूटिस हे बाबूजी."

काकाजींनी पिन काढून पाकीट पुढे केलं. "घे. काय लागते ते आण. पैशाची चिंता नाही, याच्यासाठीच ठेवले होते." दुकालूने पाकिटाकडे पाहिलंही नाही. तो बोटांवर दिवस मोजत होता. तडा लांबवर गेला होता. जुना पाइप बाहेरच्या टाकीपर्यंत काढायचा, अंगण खोदायचं, नवा टाकायचा, सिमेंट सुकू द्यायचं, फरशी पुन्हा. आठ दिवस. नऊही.

"शुक्रवारी काकू येऊन राहिल्या," मी म्हटलं.

तेव्हा काकाजींच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला. ते अंगणात आले आणि त्या पेंढ्यातल्या कमोडवर बसले. हातात ते जाड पाकीट. मी इतका वेळ हसू दाबत होतो, पण त्यांना तसं बसलेलं पाहून माझं हसू पळून गेलं. घामेजलेला, साबणाने भिजलेला म्हातारा, आणि त्याच्यामागे ती दोन पायऱ्यांची जुनी वाट.

"पैसे हायत," ते खाली बघत म्हणाले. "दिवस नाही काढून ठेवले."

मग पाकिटाला पिन लावत म्हणाले, "तू फोन कर तिले. मले नाही जमत."

घरातला फोन सोडून मी कोपऱ्यावरच्या पीसीओत गेलो. फोन काकूंनीच उचलला. मी शब्द जुळवत होतो, तर त्याच म्हणाल्या, "किती फोडलं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू काहून फोन करशील मले? सारं चांगलं निघालं म्हणून ते तीन दिवसांपासून रडून राहिले होते. मले वाटलंच, आता काहीतरी फोडतील."

मी सगळं सांगितलं. फेसाचंही सांगितलं. पलीकडे त्या हसत होत्या, मग कळ आली असावी, कारण मध्येच "आई गं" म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मी म्हटलं, "काकू, आठ-नऊ दिवस लागतील. शुक्रवारी तुम्ही कशा येणार?"

"शुक्रवारी कोण येऊन राहिलं? माह्यी तपासणी त्याच्या पुढच्या बुधवारी हाय. गुरुवारी येईन."

"पण तुम्ही तर काकाजींना..."

"त्यायले शुक्रवार सांगितला होता. सहा दिवस त्यायच्यासाठी ठेवले होते." हे त्या इतक्या साधेपणाने बोलल्या, जसं मीठ कुठं ठेवलं ते सांगावं. "आता एक काम कर. डॉक्टर बाहेरगावी गेले म्हण, तपासणी बुधवारी होईल म्हण. सूज हाय असं नको म्हणू, भिऊन जातील."

"खरंच सांगितलं तर?"

"मोकळे दिवस हायत असं कळलं त् दुसरी भिंत फोडतील."

मी परत जाऊन खोटं बोललो. काकाजींनी एक लांब श्वास सोडला आणि लगेच विचारलं, "डॉक्टरच गेला ना बाहेरगावी? तिले काही झालं नाही ना?" हे त्यांनी संध्याकाळपर्यंत मला तीनदा विचारलं. पुढचे आठ दिवस त्यांनी नाण्याला हात लावला नाही. अंगण खोदताना माती उचलली, सिमेंटवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, दुकालूने सांगितलं तिथे उभे राहिले आणि सांगितलं तेव्हा बाजूला झाले. मी मिलच्या आवारातल्या टाकीवर आंघोळ उरकायचो. मंगळवारी कमोड बसलं. बुधवारी दुकालूने दांडे लावले, स्वतः त्यांना लोंबकळून पाहिलं, आणि काकाजींनी विचारायच्या आत म्हणाला, "हव. बने हे."

गुरुवारी दुपारी काकू आल्या. दोन्ही हात वॉकरवर, शेजारी मुलगी. अंगणाकडे जाणारं दार त्यांनी सवयीने पाहिलं आणि मग उलट्या बाजूला वळल्या. आत गेल्या. दाराला कडी लागली. आम्ही तिघं बाहेर उभे, काकाजी दाराला कान लावून. नळाचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. मग काकू बाहेर आल्या. चेहरा धुतलेला, कपाळावरचे केस ओले. "गरम हाय," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. काकाजींनी उपरण्याने डोळे पुसले आणि सिमेंट उडालं म्हणाले. मीही डोळे पुसले, पण मला सिमेंटचं नाव घेता येत नव्हतं.

सगळं तिथेच संपलं असतं. पण जन्मभर कारकुनी केलेला माणूस, समोर कागद आला की वाचणारच. मुलीने दवाखान्याची फाइल टेबलावर ठेवली होती. काकाजींनी चष्मा लावला, एकेक कागद उलटला, एका कागदावर थांबले.

"हे तू दवाखान्यातून निघाली त्या दिवशीचं हाय," ते काकूंना म्हणाले. "याच्यात तपासणी बुधवारीच लिहिली हाय. कालच्या बुधवारी. डॉक्टर कुठं बाहेरगावी गेला?"

मी छताकडे पाहू लागलो.

"कुठंच नाही गेला," काकू म्हणाल्या.

"मंग शुक्रवार?"

"शुक्रवार तुमच्यासाठी."

काकाजींनी चष्मा काढला. पुन्हा लावला. "हे तू कधीपासून करून राहिली?"

"पोरीच्या बारशापासून. आदल्या दिवशी तुम्ही पाळण्याचं कडं पक्कं हाय का म्हणून ओढून पाहिलं होतं, अन् छताचा तुकडा खाली आला होता. तवापासून तुम्हाले सारं आधीचं सांगते."

मुलगी हसू लागली. काकाजी मात्र मागे मागे जात असावेत, वर्षानुवर्षं. मग त्यांनी विचारलं, "लग्नायचे मुहूर्तही?"

"पत्रिका मीच ठेवत होते ना कपाटात, अन् तुम्हाले दोन तास आधीचं सांगत होते. तुम्ही निघायच्या आधी घराचे सारे नळ अन् कड्या दोनदा पाहता. एक तास त् त्याच्यातच जाते. दुसरा राखीव."

"म्हणजे ते मांडववाले..."

"ते बिचारे वेळेवरच येत होते."

काकाजींनी चष्मा खिशात ठेवला. उठून स्वयंपाकघरात गेले, ताट घेऊन आले आणि काकूंच्या पुढ्यात ठेवलं. त्या दिवशी पोळ्या त्यांनीच लाटल्या होत्या, जाड आणि वेड्यावाकड्या, आणि दोन जास्त. या घरात पुढचा विचार करणारा मी एकटाच, हे वाक्य मी त्यानंतर त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी तेलीबांध्याकडे एक जुना फ्लॅट घेतला आणि राहायला जायच्या आधी तिथलं न्हाणीघर नव्याने करायला घेतलं. काकाजींना बोलावलं नसतं तर त्यांनी आयुष्यभर ऐकवलं असतं. ते रिक्षाने आले, तीन मजले चढले, खिशातून नाणं काढलं. माझं एस्टिमेट पाहिलं, तिसरा हिस्सा खाली लिहिलेला पाहून "हं" म्हणाले. मग नाणं हातात तसंच धरून माझ्या बायकोकडे वळले. बायको रायपूरचीच, जुन्या मराठी घरातली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"यानं तुले काम कधी संपणार म्हणून सांगितलं?"

"दशहरे तक बोल रहे हैं, काकाजी."

"अन् अकोल्याहून याची माय येणार हाय म्हणे. तिले तू कधीचं सांगितलं?"

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दिवाली के पाँच दिन बाद का."

हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. काकाजींनी नाणं पुन्हा खिशात टाकलं, चपला घालायला लागले. मी म्हटलं, "भिंत नाही ठोकून पाहत?"

"गरज नाही," ते म्हणाले.

आमचं न्हाणीघर दिवाळीनंतर चौथ्या दिवशी तयार झालं. आई पाचव्या दिवशी आली.